‘लाईटी तुमच्याच, मग वेगळे पैसे कसले?’ : लग्नाच्या डीजे धंद्यात सजावटीच्या जादा कामांचे दर कसे काढावेत

जुळे सोलापुरातल्या एका बैठकीत नवरीच्या मामांनी मला विचारलं होतं, “भाऊ, डीजे तुमचाच, लाईटी तुमच्याच, टेम्पो तर येणारच हाय. मग भिंतीच्या लाईटीचे वेगळे पैसे कसले?” धंद्यातलं माझं दुसरं वर्ष. उत्तर सुचलं नाही, सोळा लाईटी फुकट लावून दिल्या. त्या रात्री पावणेबाराला कार्यालयाच्या फरशीवरून वायरींवरची टेप नखानं खरवडताना उत्तर सापडलं. लाईटी माझ्याच होत्या, पण त्या आपल्या पायानं भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या नव्हत्या.

हा लेख नुकताच साउंड घेऊन लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागलेल्यांसाठी आहे. साउंडचा दर बाजारातच ठरलेला असतो, तिथे तुम्हाला फार हात मारता येत नाही. भिंतीच्या लाईटी, एंट्रीचा फॉग, कोल्ड पायरो (मशीनमधून उडणारं ठिणग्यांचं कारंजं), नवरा-नवरीच्या नावाचा प्रकाश, पेपर ब्लास्ट (कागदी कपट्यांचा फवारा), सेल्फी बूथ ही वरची कामं मात्र तुमच्या हिशेबावर चालतात. हिशेब नसेल तर तीच तुम्हाला खातात. खाली जे आकडे आहेत ते हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, माझ्या वहीच्या आसपासचे. तुमचे भाव टाकून तेच गणित पुन्हा मांडा.

यादी छोटी ठेवा

पहिल्या वर्षी दोनच गोष्टी विका. माझं मत विचाराल तर भिंतीच्या लाईटी आणि नावाचा प्रकाश. दोन्हीत जळण्यासारखं, वितळण्यासारखं किंवा कुणाच्या डोळ्यात जाण्यासारखं काही नाही. फॉग आणि पायरो दुसऱ्या हंगामात, हाताखाली भरवशाचा ऑपरेटर आल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर बारा वस्तूंचं रंगीत दरपत्रक फिरवणारे नवे लोक मी बघतो. त्यातल्या आठ वस्तू त्यांच्याकडे नसतात, ऐनवेळी दुसऱ्याकडून आणाव्या लागतात आणि मग दर तो दुसराच ठरवतो.

कार्यालय बघितल्याशिवाय आकडा बोलू नका

फोनवर लोक विचारतात, “लाईटीचं किती?” मी उलट तीन गोष्टी विचारतो: कुठलं कार्यालय, अक्षता किती वाजता, रिसेप्शन आत की लॉनवर. अक्षता दुपारी साडेबाराला आणि जेवण लॉनवर असेल तर भिंतीच्या लाईटी मी विकतच नाही. सोलापुरातल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या लागल्यात की नाही हे बघायला जवळ जावं लागतं. ते पैसे घेतले तर एकदाच मिळतात, त्या घरातलं पुढचं लग्न जातं.

मग स्वतः जाऊन हॉल बघायचा. मोजपट्टी न्यायची. भिंत किती फूट, खांब किती, छताची उंची किती, रंग कसला. पांढऱ्या भिंतीवर आठ लाईटी पुरतात तिथे गडद लाकडी पॅनेलवर सोळा लावूनही अंधार वाटतो. दर सारखा असला तरी नग दुप्पट होतात, हे फोनवर कळत नाही. खांब असेल तर खांबाला एक धरा. सपाट भिंतीला मी साधारण आठ-दहा फुटांवर एक ठेवतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीज. १५ अँपिअरचं एक सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम ३,४५० वॅट देतं. सोळा एलईडी पार (भिंतीच्या लाईटी त्या ह्याच) प्रत्येकी १५० वॅटचे धरले तरी २,४०० होतात, म्हणजे एका सॉकेटवर निघतात. फॉग काढणाऱ्या ड्राय आईसच्या मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटरच ३,००० वॅटच्या घरात असतो, त्याला सॉकेट वेगळंच पाहिजे. ते तीस मीटर लांब असेल तर जाड केबल, ती झाकायला पट्टी, त्यावर एक माणूस. लॉनवर जनरेटर कुणाचा आणि डिझेल कुणाच्या खात्यावर, हे त्याच भेटीत विचारून घ्या. एंट्रीच्या वेळी सगळा हॉल अंधारात गेला की पाहुण्यांना मंडपवाला दिसत नाही, डीजेवालाच दिसतो.

डेकोरेटरलाही तेव्हाच फोन करा. स्टेजची मागची भिंत त्याची, हे गृहीत धरायचं. तो फुलांवर स्वतःच्या लाईटी टाकणार असेल आणि तुम्ही तिथेच निळा रंग मारलात, तर सगळी लाल गुलाबं काळी दिसतात. माझ्याकडून एकदा झालंय. नवरीच्या आईनं व्हिडिओ बघून फोन केला होता, “फुलं शिळी होती का हो?” डेकोरेटरनं आजवर मला माफ केलेलं नाही.

सोळा लाईटींचा हिशेब, रुपयापर्यंत

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. एक पार २,८०० रुपयांना धरला तर सोळाचे ४४,८००. वायर, कनेक्टर, कंट्रोलर, ठेवायच्या पेट्या मिळून १०,२००. म्हणजे संच ५५,००० रुपयांचा. हा तीन हंगाम चांगला चालेल असं धरा. नंतरही चालतो, पण एकाचा लाल मंद, दुसऱ्याचा पंखा घरघरतोय अशी अवस्था येते आणि रंग जुळत नाहीत. वर्षाला साठ लग्नं केली तरी लाईटी सगळ्यांत विकल्या जात नाहीत, माझ्याकडे साधारण पस्तीस लग्नांत जातात. तीन वर्षांत १०५ रात्री. ५५,००० भागिले १०५, म्हणजे रात्रीला सुमारे ५२५ रुपये. दुरुस्तीचे ७५ धरून ६०० झाले. ही झाली झीज.

नवे लोक इथेच चुकतात. एकतर झीज धरतच नाहीत, “लाईटी घेऊन झाल्यात, आता सगळा नफाच” म्हणतात. किंवा भागताना साठाने भागतात, पस्तिसाने नाही. जी रात्र वस्तू गोडाऊनमध्ये बसते ती रात्रसुद्धा विकल्या गेलेल्या रात्रींनीच भरून काढायची असते.

पुढे मजुरी. लावायला अडीच तास, काढायला एक. त्यासाठी हेल्परचे जादा ८०० (साउंडच्या हेल्परला ‘जरा लाईटी पण लाव’ म्हणून बघा, दोन्ही कामं अर्धी राहतात). टेप, टाय असलं किरकोळ १००. टेम्पो साउंडसाठी जातोच, पण दोन पेट्या जास्त म्हणजे छोटा हत्ती पुरत नाही किंवा दोन फेऱ्या होतात. त्याचा वाटा मी ३०० धरतो. बेरीज १,८००.

यात अजून दुकान आलेलं नाही. गोडाऊनचं भाडं, फोन, गाडीचा विमा, अकाउंटंट, बैठकींचं पेट्रोल, जाहिरात असं वर्षाला १,८०,००० होत असेल आणि लग्नं साठ असतील तर प्रत्येक लग्नावर ३,००० पडतात. माझं सरासरी बिल ३०,००० धरा, म्हणजे बिलातल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे दुकानाचे. हा वाटा साउंडवर टाकून मोकळं होऊ नका, वरच्या प्रत्येक कामावरही तो बसला पाहिजे.

मी एका लाईटीला ३५० घेतो, सोळाचे ५,६००. त्यातले १,८०० खर्च, ५६० दुकान. उरले ३,२४०. हॉल बघायला गेलेला माझा दीड तास, रंग जुळवणं, रात्री थांबणं, मध्येच एक लाईट बंद पडली तर पेटीतली राखीव काढून लावणं हे सगळं त्यातच आलं. शिल्लक राहतो तो नफा. तो फार मोठा नाही.

बाजारात शंभर रुपयाला लाईट देणारे आहेत. सोळाचे १,६०० झाले. वर मांडलेला खर्चच १,८०० आहे, म्हणजे तो माणूस दोनशे रुपये खिशातून घालून पाहुण्यांच्या भिंती उजळतोय. त्याच्याशी दरात स्पर्धा करू नका. दोन-तीन हंगामांनी त्याचे पार सेकंडहँड बाजारात येतात, तेव्हा घ्या.

संपणाऱ्या वस्तू: फॉग आणि पायरो

लाईट झिजते. ड्राय आईस आणि पायरोची पावडर संपते. संपणाऱ्या वस्तूचा दर लावायची रीत वेगळी आहे, कारण तिथे चुकलेलं परत येत नाही.

ड्राय आईस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशाचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होऊन उडतो. बंद थर्माकोलच्या पेटीतसुद्धा दिवसाला दोन-चार किलो उडणारच. पेटी जितक्या वेळा उघडाल तितका जास्त. मी आदल्या दिवशी पुण्याहून मागवतो. दहा-बारा किलो हातात राहावा म्हणून पंधरा मागवतो. १२० रुपयांनी पंधरा किलोचे १,८००, पार्सलचे ४००, ऑपरेटरचे १,०००. मशीन ३०,००० चं, वर्षाला पंधरा वेळा, तीन वर्षं, म्हणजे ४५ खेपा. खेपेला ६७०. बेरीज ३,८७०. एका कपल डान्सला मी ७,५०० घेतो, दुकानाचे ७५० वजा जाता २,८८० राहतात.

एवढे कशाला राहायला पाहिजेत? एक गोष्ट सांगतो. मे महिना, अक्कलकोट रोडवरचं एक लॉन, एंट्री साडेसातला ठरलेली. वरात आली नऊला. हलगीवाल्यांनी चौकात असा काही ठेका धरला होता की नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार नाही. इकडे माझा पोरगा दर दहा मिनिटांनी पेटीचं झाकण उघडून करवलीच्या मैत्रिणींना धूर दाखवतोय. नऊ वाजता पेटीत हात घातला तर तळाशी चार-पाच मुठी. गुडघ्याएवढा फॉग आला, चाळीस सेकंद टिकला, आणि गाणं साडेचार मिनिटांचं. उरलेली चार मिनिटं दोघं नुसत्या ओल्या फरशीवर नाचली. पैसे अर्धे मिळाले, तेही मान खाली घालून घ्यावे लागले.

त्या दिवसापासून माझ्या कागदावर एक ओळ असते: ‘फॉग ठरलेल्या वेळेनंतर एक तास राखून ठेवला जाईल, त्याहून उशीर झाल्यास उपलब्ध असेल तेवढाच.’ शिवाय रकमेत एक-दीड हजार हे उशिराचे म्हणूनच धरलेले असतात. सोलापुरात वरात वेळेवर येते असं धरून ज्यानं दर काढला, त्यानं सोलापुरातली वरात पाहिलेली नाही.

सुरक्षिततेचंही इथेच सांगतो, कारण तोही खर्चच आहे. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो. बंद, लहान हॉलमध्ये फॉग करायचा तर दारं-खिडक्या उघड्या लागतात आणि फरशीवर बसलेली, खेळणारी लहान पोरं बाजूला घ्यावी लागतात. म्हणजे एक माणूस फक्त त्यासाठी. पेटी काचा बंद केलेल्या गाडीत ठेवून प्रवास करू नका. उघड्या हातानं खडा उचलला तर कातडी भाजल्यासारखी निघते, जाड हातमोजे पाहिजेतच. आणि पेटीला हवाबंद कुलपी झाकण कधीच लावू नका, आत दाब वाढून ती फुटते.

पायरोचं गणित आणखी वेगळं. चार मशीन ५६,००० ची, वर्षाला पंचवीस खेपा, तीन वर्षं: खेपेला ७५० झीज. ऑपरेटर १,०००. एका एंट्रीला चार मशीनची मिळून दोन पाकिटं पावडर जाते, ४५० प्रमाणे ९०० रुपये. म्हणजे पहिल्या एंट्रीचा खर्च २,६५० आणि दुसरीचा फक्त ९००, कारण माणूस आणि मशीन तिथेच उभे आहेत. म्हणून मी पायरो ‘मशीनला इतके’ असा विकत नाही. पहिली एंट्री ५,५००, पुढची प्रत्येक २,०००. लोकांना हे पटकन पटतं आणि अर्धे जण केकच्या वेळची दुसरी एंट्री घेतात. सगळ्यांत बरा पैसा त्या दुसऱ्या एंट्रीत आहे.

नाव ‘कोल्ड’ असलं तरी ठिणगी ती ठिणगीच. जवळून मंडपाच्या झालरीला, थर्माकोलच्या कमानीला, नायलॉनच्या शालूला लागली तर काय होतं ते बघायची हौस करू नका. मशीनवर उंची कमी-जास्त करता येते, ती छत बघून ठरवा, चारही बाजूंनी मोकळी जागा सोडा आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर ठेवा. काही कार्यालयांत पायरो चालतच नाही. मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. काम झाल्यावर मशीनमधली पावडर झटकून काढणं हेही मजुरीत धरा. दमट हवेत ती आत घट्ट बसली की पुढच्या लग्नात चारपैकी तीनच उडतात, आणि चौथं न उडालेलंच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आणखी एक. सोलापूरकरांनी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लहानपणापासून पाहिलेलं असतं. चार फूट कारंजं बघून ते ‘आ’ करत नाहीत. ते दाद देतात ती वेळेला. गाण्याचा ठोका आणि कारंजं एका क्षणाला आलं पाहिजे. त्यासाठी आदल्या दिवशी गाणं मागवून घेणं, सेकंद मोजून ठेवणं हे काम आहे. ते मी ५,५०० मध्ये धरलेलं आहे आणि बैठकीत तसं बोलूनही दाखवतो.

नावाचा प्रकाश

भिंतीवर किंवा डान्स फ्लोअरवर दोघांची नावं उमटवायची. वस्तू साधी, दर एकरकमी, नफा चांगला. पण नाव चुकलं तर जगात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आपल्या गावात पत्रिकाच मराठी, तेलुगू, कन्नड अशा दोन-दोन लिप्यांत छापल्या जातात. भवानी पेठेतल्या एका पद्मशाली घरात मला नाव तेलुगूत हवं म्हणून सांगितलं, मी गूगलवरून लिहून नेलं आणि आजीनं वाचून हसायला सुरुवात केली. तेव्हापासून नाव त्यांच्याच घरातल्या माणसाकडून टाइप करून घेतो आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.

पत्र्यात कापून घेतलेला गोबो (लाईटीपुढे लावायचा नावाचा साचा) स्वस्त पडतो, पण देवनागरीत तो फसवतो. व, ब, क या अक्षरांच्या पोटातला तुकडा पत्र्याला कुठेच धरलेला नसतो, तो गळून पडतो आणि अक्षराच्या जागी प्रकाशाचा गोळा दिसतो. मध्ये बारीक पूल ठेवून कापावं लागतं किंवा काचेचा गोबो करावा लागतो. प्रोजेक्टर असेल तर हा प्रश्नच नाही. डिझाइनचे दोन बदल दरात, तिसऱ्या बदलापासून ३०० रुपये, हे आधीच सांगून टाका. नाहीतर नवरा, नवरी, नवरीची बहीण आणि अमेरिकेतला चुलतभाऊ असे चौघं मिळून तुमच्याकडून अकरा डिझाइनं करून घेतात.

तारीख बघून दर

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो. धनुर्मासात थंडावतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. त्या दिवसांत हेल्पर सापडत नाहीत आणि आपणही कामाला कुणाला बोलावू नये. तेवढ्यात दुरुस्त्या उरकून घ्या. मग एप्रिल-मेची धामधूम, आणि आषाढापासून मराठी घरांत शांतता. पण आपलं गाव एका पंचांगावर चालत नाही. तेलुगू घरांत श्रावणात मुहूर्त निघतात. मुस्लिम कुटुंबांच्या तारखा आपल्या मुहूर्तांवर अवलंबूनच नसतात. ही लग्नं जो धरतो त्याच्या पस्तीस रात्रींच्या पंचेचाळीस होतात, आणि वर काढलेली झीज आपोआप उतरते.

दाट मुहूर्ताच्या दिवशी मी दर वाढवत नाही, सूट बंद करतो. सुन्या महिन्यात सूट देतो, पण मजुरी आणि संपणाऱ्या वस्तूच्या खाली कधीच जात नाही. सोळा लाईटींचा तो तळ १,२०० आहे: मजुरी, टेप, टेम्पो. त्याखाली जायचं तर घरी झोपलेलं बरं.

बाहेरगावचं वेगळं धरा. अक्कलकोट साधारण चाळीस किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी सत्तरच्या आसपास. अंतराचे पैसे टेम्पोचे म्हणून वेगळ्या ओळीत लिहा, प्रत्येक वस्तूत मिसळू नका. पंढरपूरहून रात्री दोनला परतलेला हेल्पर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येत नाही, त्याची दीड हजेरी धरावी लागते.

बैठकीत

पाच-सहा जण येतात. बोलतो एकच, बहुधा मामा किंवा थोरला काका. निर्णय घेते ती न बोलणारी, बहुधा नवरीची आई. फोटो तिला दाखवा, हिशेब त्यांना.

“सगळं मिळून फायनल किती?” हा प्रश्न हमखास येतो. एकच आकडा बोललात की संपलं, मग त्यातून कापायचंच काम उरतं. मी प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेला कागद पुढे ठेवतो. कमी करा म्हणाले तर दर कमी करत नाही, नग कमी करतो. “काका, सोळाच्या ऐवजी बारा लावतो, मागची भिंत सोडू. चौदाशे कमी होतील.” निम्म्या वेळा त्यांनाच मागची भिंत हवी असते.

पॅकेजची सूट द्यायचीच असेल तर जिथे खरोखर वाचतं तिथे द्या. लाईटी आणि नाव एकाच हेल्परकडून होतात, त्यात ५००-६०० सोडता येतात. फॉग आणि पायरो एकाच एंट्रीला, एकाच क्षणी उडतात, तिथे माणसं दोनच लागतात. त्यात काही वाचत नाही, सूटही नाही.

आणि फुकट? मामा मागणारच. एक छोटी गोष्ट त्यासाठी राखून ठेवा, जिचा खर्च तुम्हाला माहीत आहे. मी दोन पेपर ब्लास्ट ठेवतो आणि बिलात ते लिहून समोर ‘भेट’ असं टाकतो, रक्कम दाखवून. रक्कम न दाखवता दिलेली वस्तू पुढच्या लग्नात त्यांचा साडू हक्कानं मागतो. (कागदाचे कपटे झाडायचे पैसे काही कार्यालयं लावतात, ते आधी विचारा. मी एकदा ‘भेटी’चे पाचशे स्वतःच भरलेत.)

कार्यालयाचा मॅनेजर किंवा डेकोरेटर काम मिळवून दिल्याचे पैसे मागतो, हेही धरून चाला. मी ते जाहिरातीच्या खर्चात टाकतो, त्या एका पार्टीच्या दरात चढवत नाही. दोन बहिणींच्या लग्नांत दोन दर निघाले की सोलापूरसारख्या गावात ते संध्याकाळपर्यंत कळतं.

कागदावर

इसार निम्मा. ड्राय आईस, पावडर, गोबो यांचे पैसे मात्र पूर्ण आगाऊ, आणि मागवल्यावर परत नाहीत. घरात कुणी गेलं आणि लग्न पुढे ढकललं तर मी बाकीचा इसार नव्या तारखेला वळवतो, त्यावर वाद घालत नाही. दर पंधरा दिवसांपुरता, असं खाली लिहा. फेब्रुवारीत विचारून गेलेला माणूस मे महिन्यात तोच कागद घेऊन येतो.

वेळही लिहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहाला साउंड बंद होतो. पण लाईटी आणि बूथ आवाज करत नाहीत, फोटो अकरा-साडेअकरापर्यंत चालतात. साउंडचा टेम्पो सव्वादहाला भरून तयार आणि लाईटी भिंतीला, अशी अडचण होते. म्हणून लाईटी साडेदहापर्यंत दरात, पुढे तासाला ५००, असं माझ्या कागदावर आहे. त्या ५०० मध्ये हेल्पर आणि अडकलेला टेम्पो कसाबसा निघतो.

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी करावी लागते आणि बिलावर १८ टक्के लागतात. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, साउंड आणि जादा कामं मिळून आलेली सगळी रक्कम. त्या आकड्याजवळ पोचत असाल तर हंगामाआधीच अकाउंटंटशी बोला. बैठकीत ५,६०० ठरवून नंतर वर १८ टक्के मागितले तर मामा पुन्हा बोलायला लागतात.

विकत कधी घ्यायचं

नवी वस्तू पहिला हंगाम भाड्यानंच आणा. भाड्यावर पंचवीस-तीस टक्के चढवून विका आणि वहीत लिहा: किती जणांनी विचारली, किती जणांनी घेतली, किती जणांनी दर ऐकून सोडली. दहा-बारा वेळा विकली गेली, तेही वेगवेगळ्या घरांत, तरच विकत घ्यायचा विचार करा.

मी हे ३६० डिग्री बूथच्या (उभ्या माणसाभोवती कॅमेरा फिरवून व्हिडिओ काढणाऱ्या) बाबतीत केलं नाही. पुण्यातल्या एका लग्नात पोरांची रांग पाहिली आणि परत येऊन ऐंशी हजार घातले. पहिल्या वर्षी अकरा वेळा गेला, दुसऱ्या वर्षी चार वेळा. तोवर प्रत्येक करवलीच्या मोबाइलवर तसलाच व्हिडिओ येऊन गेला होता. आता तो गोडाऊनच्या कोपऱ्यात आहे, वर जुनी सोलापुरी चादर टाकलेली. गेल्या महिन्यात एक नवा मुलगा तो बघायला आला. चादर काढली, फिरवून दाखवला, बावीस हजार सांगितले. तो म्हणाला, वर्षाला किती वेळा जाईल? मी वही काढून दिली.